मॅरेथॉनसाठी नव्या शहरात गेलं की ते शहर बघूनही होतं का?

तुमच्या दोन मॅरेथॉन झाल्यात, आता दरवर्षी एका नव्या शहरात धावायचं मनात आहे, पण धावणं आणि फिरणं एकाच सहलीत जमेल की धड हे ना धड ते होईल, अशी शंका आहे.

जमतं. फक्त आधी शर्यत आणि मग शहर, हा क्रम मोडायचा नाही. मी मोडून बघितलाय.

बर्लिनची शर्यत रविवारी होती. शनिवारी सकाळी एक्स्पोतून, म्हणजे शर्यतीआधीच्या प्रदर्शनातून, बिब (छातीवर लावायचा क्रमांक) घेतला आणि 'एवढ्या लांब आलोय तर' म्हणत म्युझियम आयलंड या संग्रहालयांच्या बेटावर गेले. संग्रहालयातलं चालणं फार फसवं. चार पावलं टाका, थांबा, वाचा, पुन्हा चार पावलं. दमल्यासारखं वाटतच नाही. रात्री घड्याळात बघितलं तर २७ हजार पावलं! दुसऱ्या दिवशी ३१ किलोमीटरपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं, मग मांड्या अशा आवळल्या की उरलेले अकरा किलोमीटर चालत-धावत कसेबसे काढले. तेही कुठे, तर केनियाच्या एलिउड किपचोगेने २०२२ मध्ये २ तास १ मिनिट ९ सेकंदांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला, त्या सपाट रस्त्यांवर. ब्रांडेनबुर्ग दरवाजा अगदी शेवटी लागतो, फिनिशच्या काहीशे मीटर आधी. मी त्याच्या खालून गेले तेव्हा नजर घड्याळावर होती. दोन दिवसांनी पुन्हा तिथे जाऊन मान वर केली, तेव्हा कुठे वरचा चार घोड्यांचा रथ दिसला.

त्यामुळे 'धावता धावता शहर बघा' यावर फारसा विश्वास ठेवू नका. धावताना दिसतात ते पुढच्याचे बूट आणि रस्त्यावर पडलेले कागदी पेले. शहर ऐकू मात्र येतं. न्यूयॉर्कला क्वीन्सबरो पुलावर प्रेक्षक नसतात. हजारो बुटांची टपटप आणि श्वास, बाकी शांतता. पूल उतरून फर्स्ट अव्हेन्यूला वळलात की दोन्ही बाजूंनी आरडाओरडा अंगावर येतो. तो अनुभव पर्यटक म्हणून गेलात तर मिळणार नाही.

आता वेळापत्रक. शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी पोहोचा. घड्याळातला फरक मोठा असेल तर शरीराला साधारण तासामागे एक दिवस लागतो, पण तेवढी रजा कुणाला मिळते! पूर्वेकडे जाताना त्रास जास्त होतो. पश्चिमेकडे गेलात तर पहाटे आपोआप जाग येते, जी शर्यतीच्या दिवशी पथ्यावरच पडते. बिब एक्स्पोच्या पहिल्याच दिवशी घ्या, शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. मोठ्या शर्यतींत तो ओळखपत्र दाखवून स्वतःलाच घ्यावा लागतो, सोबत्याला पाठवून चालत नाही. शर्यतीआधी काही बघायचंच असेल तर बसून बघा : बोट, ट्राम, बस.

बूट, मोजे, धावायचे कपडे हातातल्या बॅगेत. यावर चर्चा नको. एकदा माझी मोठी बॅग शर्यतीच्या दिवशी संध्याकाळी हॉटेलवर पोहोचली, मेडल माझ्या गळ्यात असताना. धावताना खायची एनर्जी जेल मात्र विमानतळावर द्रवपदार्थ म्हणून धरतात, ते पारदर्शक पिशवीत काढून ठेवा.

हॉटेल फिनिशच्या जवळ घ्या, स्टार्टच्या नाही. सकाळी अंगात दम असतो, दुपारी जिना उलटा उतरावा लागतो. (खरंच उलटा. कठडा धरून, पाठ खालच्या पायरीकडे करून.) बॉस्टनला तर हॉपकिंटनपर्यंत आयोजकांच्या बस नेतात आणि तुम्ही धावत शहरात परतता. न्यूयॉर्कची सुरुवात स्टेटन आयलंडवर, तिथे थंडीत तास-दोन तास बसून राहावं लागतं. टाकून देता येईल असा जुना स्वेटर न्या.

परतीचं विमान त्याच रात्रीचं काढू नका. सुजलेले पाय घेऊन तासन्‌तास एका जागी बसलं की रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. निदान दोन दिवस राहा, आणि खरं फिरणं तेव्हाच करा. पहिल्या दिवशी सपाटीवर रमतगमत, दुसऱ्या दिवशी तुमची संग्रहालयं.

शहर कुठलं निवडायचं, हे तुम्हाला घड्याळात चांगली वेळ नोंदवायचीय की शर्यतीची मजा हवीय, यावर ठरवा. वेळ हवी असेल तर बर्लिन किंवा शिकागो. शिकागोच्या उंच इमारतींमध्ये जीपीएस वेड्यासारखं करतं, तेव्हा वेग कळण्यासाठी रस्त्यावरच्या अंतराच्या पाट्या बघून घड्याळातलं लॅपचं बटण हाताने दाबा. अथेन्सचा मार्ग मॅरेथॉन गावापासून निघतो आणि साधारण दहापासून एकतिसाव्या किलोमीटरपर्यंत बहुतेक चढच आहे. तिथे पीबीचा, म्हणजे स्वतःच्या सर्वोत्तम वेळेचा, विचार सोडा. शेवट १८९६ च्या ऑलिंपिकच्या संगमरवरी स्टेडियममध्ये होतो आणि तेवढ्यासाठी तो चढ मला मान्य आहे. सिडनी २०२५ पासून मेजर्समध्ये, म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या मॅरेथॉनच्या मालिकेत, आली, तिचा शेवट ऑपेरा हाउसपाशी. बॉस्टनला पात्रता वेळ लागते, आणि ती गाठूनही प्रवेशाची खात्री नसते. बाकीच्या मेजर्समध्ये सोडत असते. लंडनच्या २०२६ च्या सोडतीला अकरा लाखांहून जास्त अर्ज आले होते, तेव्हा नाव लागायच्या आधी विमानाचं तिकीट काढू नका. दोन-तीन ठिकाणी एकदम अर्ज टाका आणि जिथे लागेल तिथे जा.

सोबत कुणी असेल तर त्यांना मार्गावर दोनच जागा ठरवून द्या, तुम्ही रस्त्याच्या डाव्या बाजूला असाल की उजव्या हेही सांगून. फिनिशनंतर भेटायला अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतात. आडनावाच्या अक्षराखाली भयंकर गर्दी होते, म्हणून आम्ही एक्स किंवा झेड ठरवतो. नवरा तिथे निवांत वाचत बसलेला सापडतो.