वाचकांचे प्रश्न: पॅटागोनिया, साउथ जॉर्जिया आणि वाऱ्याची मर्जी

प्रश्न: ताई, तुम्ही दोघं दक्षिण अमेरिकेच्या टोकाचा पॅटागोनिया आणि त्याखालची बेटं करून आलात म्हणून विचारतेय. आम्ही दोघंही पन्नाशी ओलांडलेले, पाच आठवडे हाताशी आहेत. ह्यांना चिलीतल्या तोरेस देल पाइनेचा ट्रेक, अर्जेंटिनातलं एल चाल्तेन, पेरितो मोरेनो ग्लेशियर, अंटार्क्टिका सगळंच हवंय. मला पेंग्विन दिसले की झालं. साउथ जॉर्जिया बेट पण जमेल का?

उत्तर: कागदावर सगळं जमतं हो, पण तिकडं टाइमटेबल वारा ठरवतो, तुम्ही नाही. साउथ जॉर्जिया हवं असेल तर फॉकलंड, साउथ जॉर्जिया आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प अशी एकत्र बोट घ्या, त्यात साधारण तीन आठवडे जातात. उरले दोन. त्यातून विमानप्रवास आणि बोट सुटते त्या उशुआया बंदरात बोटीच्या आधीचे दोन मोकळे दिवस वजा करा (हे दोन दिवस कुणी कितीही सांगितलं तरी कापू नका, वाऱ्यामुळे फ्लाइट लटकली तर बोट तुमच्यासाठी थांबत नाही). मग राहतं काय, तर तोरेस देल पाइने आणि पेरितो मोरेनो. एल चाल्तेन मी सरळ काढून टाकीन. तिथला फिट्झ रॉय डोंगर सुंदर आहे, वादच नाही, पण तो दिसायला ढग उघडायची वाट बघावी लागते आणि त्यासाठीच तर दिवस नाहीयेत.

तोरेसमध्ये दोघांनी एकच गोष्ट करायला हवी असं कुठं लिहिलंय? पूर्ण डब्ल्यू ट्रेकला (W अक्षरासारखी वाट) चार-पाच दिवस लागतात, शिवाय रेफ्युजियो (डोंगरातली मुक्कामाची घरं) आणि कॅम्पसाइटची बुकिंग खूप आधी करावी लागते. त्यापेक्षा तुमच्या ह्यांना एका दिवसात तोरेसच्या, म्हणजे त्या दगडी मनोऱ्यांच्या पायथ्यापर्यंत जाऊन येऊ दे. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर, आणि शेवटचा चढ नुसत्या मोठमोठ्या दगडांचा, गुडघे बोलायला लागतात. तुम्ही तोवर ग्रे सरोवरात बोटीने हिमनग बघून या. आमचं असंच ठरलेलं असायचं, नवरोबा डोंगरावर आणि मी पाण्याकाठी, रात्री जेवताना दोघांकडे सांगायला काहीतरी असायचं. फक्त वाऱ्याला हलकं घेऊ नका, तिथं ताशी शंभर किलोमीटरचे झोत येतात. सरोवरावरून पाण्याचे फवारे उठत आपल्याकडे यायला लागले की अनुभवी लोक चालायचं थांबून काठ्या रोवून खाली बसतात, झोत गेला की उठतात. तसंच करा. आणि उघड्यावर आग अजिबात नाही. २०११ च्या शेवटी एका पर्यटकाच्या हलगर्जीपणामुळे वणवा लागून हजारो हेक्टर जळालं, करपलेले पांढरे बुंधे पुढं कित्येक वर्षं तसेच उभे होते.

अर्जेंटिनातून चिलीत जाऊन परत अर्जेंटिनात येणार, म्हणून व्हिसा एकापेक्षा जास्त एंट्रीचा आहे ना, बघून घ्या.

आता तुमचे पेंग्विन. मला विचाराल तर साउथ जॉर्जियासाठी अंटार्क्टिकाचे दोन दिवस कमी झाले तरी चालतील. तिथल्या सेंट अँड्र्यूज बेमध्ये किंग पेंग्विनच्या दीड लाखाच्या आसपास जोड्या असतात, बोटीतून उतरायच्या आधीच वास येतो आणि मग आवाज, हजारो तुताऱ्या एकदम फुंकल्यासारखा. या पेंग्विनचं पिल्लू वाढायला वर्षाच्या वर लागतं, त्यामुळे कधीही गेलात तरी तपकिरी लोकरीचा गबाळा कोट घातलेली पिल्लं भेटतातच, आईबापापेक्षा जाड दिसतात मेली! नोव्हेंबरात जा. डिसेंबर-जानेवारीत फर सील किनारे अडवून बसतात आणि ते चक्क अंगावर धावून येतात. हां, नोव्हेंबरात अंटार्क्टिक द्वीपकल्पावर जेंटू पेंग्विन अंड्यांवर बसलेले असतात, पिल्लं नसतात, तेवढं सोडावं लागेल.

प्रश्न: अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या ड्रेक पॅसेज समुद्राची फार भीती वाटते. मिस्टरांना तर बसमध्येही उलटी होते. विमानानं जावं का?

उत्तर: ड्रेक साधारण आठशे किलोमीटर, बोटीला दोन दिवस लागतात. त्या अक्षांशावर पृथ्वीभोवती वाऱ्याला अडवायला जमीनच नाही, म्हणून समुद्र एवढा माजतो. कधी कधी मात्र अगदी शांतही असतो. केबिन खालच्या डेकवर, मधोमध घ्या, तिथं हेलकावा कमी. उलटीसाठी कानामागे लावायचा पॅच मिळतो पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर तो चालत नाही, तेव्हा निघायच्या आधी डॉक्टरांना विचाराच. विमान चिलीतल्या पुंता अरेनासहून अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर दोनेक तासांत पोचतं, पण तिकडं धुकं असलं तर उडतच नाही. म्हणजे उलटी वाचली तरी वाट बघणं वाचत नाही.

प्रश्न: बोटीवर म्हणे बुटाचे तळवे टोकदार काडीनं साफ करायला लावतात, आणि बेटावर खाली बसूही देत नाहीत. एवढे पैसे भरून ही कसली शाळा?

उत्तर: शाळाच आहे, आणि असायलाच हवी. सील आणि व्हेल मारणाऱ्या जहाजांबरोबर साउथ जॉर्जियावर उंदीर आले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करत सुटले. त्यांना संपवायला हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकावं लागलं, कित्येक वर्षं चाललं ते काम, तेव्हा कुठं २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. आता तिथला पिपिट, म्हणजे बेटावरचा एकमेव गाणारा पक्षी, परत दिसायला लागलाय. तुमच्या जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेलं एक गवताचं बी पुन्हा तसलाच घोळ घालू शकतं, म्हणून तिथल्या ग्रित्विकेन बंदरात अधिकारी बोटीवर येऊन तपासतात. तिकडं उशुआया ज्या बेटावर आहे त्या टिएरा देल फ्युएगोत १९४६ साली फरच्या धंद्यासाठी कॅनडातून वीसेक बीव्हर (ओढ्यांवर बांध घालणारे प्राणी) आणून सोडले, त्यांना खाणारा प्राणी तिथं कुणीच नाही, आज उशुआयाजवळच्या जंगलात त्यांनी बुडवून मारलेली झाडं रांगेनं उभी दिसतात.

बसायची बंदी बर्ड फ्लूमुळे. २०२३ मध्ये तो साउथ जॉर्जियात पोचला, तेव्हापासून गुडघे टेकून फोटो नाही, बॅग खाली ठेवणं नाही. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. तो स्वतः चालत तुमच्याकडे आला तर गुपचूप उभं राहा, आणि तो येतोच.

प्रश्न: चिलीच्या बॉर्डरवर खाण्याच्या वस्तूंवरून खरंच एवढी कटकट होते का?

उत्तर: होते. ताजी फळं, बिया, मध बॅगेत सापडलं आणि फॉर्मवर लिहिलेलं नसलं तर दंड होतो. शंका असेल ती प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहून टाका, फार तर ते ठेवून घेतील. बॉर्डरच्या आधी बसमध्ये सगळे प्रवासी घाईघाईनं सफरचंदं खाताना दिसले तर तुमचंही बाहेर काढा.