‘प्रिव्हॅरिकेट’ म्हणजे चालढकल नव्हे

एका मंत्र्याविषयीच्या इंग्रजी बातमीत ‘ही इज प्रिव्हॅरिकेटिंग’ असे वाक्य होते. त्याचा अर्थ ‘ते चालढकल करीत आहेत’ असा घ्यावा काय, असे एका वाचकाने विचारले आहे. घेऊ नये. चालढकलीसाठी ‘प्रोक्रॅस्टिनेट’ हा स्वतंत्र शब्द असून त्याच्या पोटात ‘उद्या’ या अर्थाचा लॅटिन ‘क्रास’ आहे. केवळ नाद जवळचा म्हणून हे दोन शब्द एकाच दावणीला बांधलेले मी उत्तम इंग्रजी जाणणाऱ्यांकडूनही ऐकतो आणि दर वेळी ते खटकते. प्रिव्हॅरिकेट करणारा उडवाउडवीची उत्तरे देऊन सत्याला बगल देतो.

खरी गोडी मुळात आहे. लॅटिनमध्ये ‘वारुस’ म्हणजे वाकड्या पायांचा. त्यावरून पाय फाकून फेंगडे चालण्याचे क्रियापद आले आणि पुढे ‘प्राएवारिकारी’ झाले. रोममध्ये सरकारी वकील नसे, फिर्याद सामान्य नागरिकच करी. आरोपीशी आतून संधान बांधून खरे गुन्हे दडवणाऱ्या फितूर फिर्यादीला ‘प्राएवारिकातोर’ म्हणत. कायदेपंडित उल्पियानुस या शब्दाचा संबंध फेंगडेपणाशीच लावतो. त्यानेच नोंदवलेले लाबेओचे मत मात्र असे, की हा शब्द ‘वरिया केर्तातिओ’ म्हणजे पालटत्या झगड्यावरून आला. लाबेओ कायद्यात कितीही थोर असो, येथे तो साफ चुकला आहे, कारण ‘वरिया’तील पहिला स्वर ऱ्हस्व आहे आणि ‘प्राएवारिकारी’तील ‘वा’ ठळक दीर्घ आहे.

माझा कौल रोमन लेखक थोरल्या प्लिनीला. इ.स. 79 मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेल्या या गृहस्थाने आपल्या निसर्गविषयक ग्रंथाच्या अठराव्या भागात, शेतीविषयी लिहिताना, म्हटले आहे की जो नांगऱ्या वाकत नाही तो ‘प्राएवारिकातुर’, म्हणजे वाकडा जातो, आणि हा आरोप तेथूनच न्यायालयात गेला. ज्याने नांगर धरला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही: रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या दांड्यावर, वाकून भार दिला नाही की फाळ वर उचलला जातो, बैल आपल्या मर्जीने ओढतात आणि तास, म्हणजे नांगराने पडणारी चर, बाजूला सरकते. शब्द आधी शेतात होता, मग कचेरीत गेला, असे मी ठामपणे मानतो. ‘डिलिरियम’ हा शब्दही ‘लीरा’ म्हणजे तासावरूनच आला आहे, तास सोडून भरकटणारे ते चित्त.