टांझानियात कौटुंबिक हिंसाचारावर संशोधन करायला येताना

सोलापूरला वापरलेली प्रश्नावली स्वाहिलीत करून घेतली तर दार-ए-सलाममध्ये चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नाही चालणार.

तुमचे निम्मे प्रश्न हुंडा, सासू आणि माहेरून आणायच्या पैशांभोवती आहेत. इथे उलट ‘महारी’, म्हणजे लग्नाचे पैसे किंवा वस्तू, मुलाकडचे मुलीच्या घरच्यांना देतात. त्यामुळे मार खाऊन मुलगी माहेरी आली की ती महारी परत करावी लागेल का, हा प्रश्न बापापुढे उभा राहतो. तेव्हा बाई माहेरी परत गेली तर घरचे काय म्हणतील, हे विचारा. लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडपीही पुष्कळ. दोन वर्षं तसं राहून लोकांत नवरा-बायको म्हणून ओळखले गेलेल्यांना १९७१चा विवाह कायदा नवरा-बायको धरून चालतो. जोडीदाराला मारायचा हक्क कुणालाच नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. आपल्याकडच्या २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यासारखा स्वतंत्र कायदा मात्र इथे नाही.

परवानगी कॉस्टेक या सरकारी संस्थेकडून घ्यायची. आरोग्याशी संबंध असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नैतिकता समितीचीही लागते. झांझिबारचं सगळं वेगळं. मग ते परवानगीचं पत्र जिल्ह्यातून वॉर्डात आणि तिथून ‘म्ताआ’च्या, म्हणजे मोहल्ल्याच्या, कार्यालयात जातं. तिथे तुमचा विषय उघड झाला तर संध्याकाळपर्यंत नवऱ्यांना कळलेला असेल. जागतिक आरोग्य संघटनेने दार-ए-सलाम आणि म्बेया भागात केलेल्या पाहणीत (अहवाल २००५चा) गावात ‘स्त्रियांचं आरोग्य’ एवढंच सांगितलं होतं आणि एका घरातून एकाच बाईला विचारलं होतं. दार-ए-सलाममध्ये ४१ आणि म्बेयात ५६ टक्के स्त्रियांनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. स्त्रिया बोलतात हो, फक्त त्यांना सुरक्षित वाटलं पाहिजे. समितीला आणि त्या बाईला मात्र खरा विषय आधी सांगायचाच.

मुलाखत घरी घेऊ नका. साध्या वस्तीतलं घर म्हणजे मधून बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येक खोलीत वेगळं कुटुंब आणि मागे सगळ्यांचं एकच अंगण, आपली चाळच. कुजबुजलेलंही शेजारी ऐकतात. त्यापेक्षा बाळांच्या लसीकरणाचं केंद्र बरं, तिथे बाईला यायला कारण असतं. तिचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नका आणि तिच्या फोनवर निरोप तर मुळीच पाठवू नका. जखमी बाईला दवाखान्यात पोलिसांकडचा पीएफ-थ्री फॉर्म मागतात. तो कुठे मिळतो आणि जवळच्या ठाण्यात महिला व मुलांसाठीचा कक्ष आहे का, हे पहिल्या मुलाखतीआधी स्वतः जाऊन पाहून या.

इथली मराठी घरं तुम्हाला जेवू घालतील, खोलीही शोधून देतील. पण त्यांच्या घरी काम करणाऱ्या बायकांची मुलाखत त्यांच्यामार्फत मागू नका. इथे भारतीय म्हणजे बहुधा दुकानमालक नाहीतर घरमालकीण. मालकिणीने सांगितल्यावर ती बाई नाही कशी म्हणेल? प्रश्न विचारायला इथल्याच, पण त्या वस्तीत न राहणाऱ्या बायका नेमा. दिवसभर हे ऐकून त्याही खचतात, म्हणून रोज संध्याकाळी त्यांच्याशी बोलायला वेळ आणि त्यांच्या पगाराला पुरेसे पैसे अर्जातच मांडा.

मार्च ते मे मोठा पाऊस असतो, वस्त्यांतले रस्ते बुडतात. जूनपासूनचं ठरवा, आणि अर्ज करण्याआधी नवी प्रश्नावली मला पाठवा. मी नीट वाचून कळवते.