जीप: जी.पी. ही अक्षरं की पॉपायचं जनावर?

सातपूरच्या एका वाचकाने विचारलंय: ‘जनरल पर्पज’मधली जी.पी. ही अक्षरं बोलता बोलता ‘जीप’ झाली, असं गॅरेजात सगळे सांगतात. खरं का? आणि अनेकवचन जीपा की जीप्स?

जी.पी.ची गोष्ट पटकन पटते, पण तिच्यात खोट आहे. फोर्डच्या लष्करी गाडीच्या नावात जी.पी. होतं खरं, मात्र त्यातला जी गव्हर्नमेंटचा, आणि पी हे ८० इंची व्हीलबेससाठी, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरासाठी, कंपनीने ठरवलेलं अक्षर. ‘जनरल पर्पज’ मागाहून चिकटवलेलं आहे.

माझा कौल पॉपायला. ई. सी. सीगर यांच्या ‘थिम्बल थिएटर’ या चित्रपट्टीत हा खलाशी १९२९ साली शिरला आणि बघता बघता पट्टी त्याचीच झाली. १९३६च्या मार्चमध्ये तिथे यूजीन द जीप आला. कुत्र्याएवढं पिवळं जनावर, गोळ्यासारखं नाक, लांब शेपूट. खाणार ऑर्किडची फुलं, आवाज काढणार एकच: ‘जीप!’ चौथ्या मितीतलं असल्यामुळे त्याला भिंत अडवत नसे. काही विचारलं तर शेपटीने खरं तेच सांगे.

अमेरिकी सैन्यात नवशिक्या शिपायाला, नव्या न पारखलेल्या गाडीलाही ‘जीप’ म्हणत, हे सोडून चालणार नाही. पण १९४१च्या सुमारास चढ-चिखल न बघता कुठेही घुसणारी ती चिमुकली गाडी आली आणि यूजीनचं नाव तिला चपखल बसलं. याच पट्टीने आणखी एका यंत्राचं बारसं केलंय: ब्रिटिशांच्या वेलिंग्टन बॉम्बरला वैमानिक ‘विम्पी’ म्हणत, ते पॉपायचा हॅम्बर्गरवेडा मित्र जे. वेलिंग्टन विम्पी याच्यावरून.

आपल्याकडे हा शब्द इतका मुरला की पेठ-सुरगाण्याच्या रस्त्यावर कंपनी कुठलीही असो, काळीपिवळी ती जीपच. गावाकडे तर तिचं ‘जीपडं’ होतं. रूपाचं रुपडं व्हावं तसं. परक्या शब्दाला आपला प्रत्यय लागला, त्याचं लिंगही बदललं, यापेक्षा घरचा शब्द तो कोणता?

म्हणून अनेकवचनही बेलाशक मराठी वळणाचं करा: ‘लग्नाला दोन जीपा भरून माणसं आली.’ जीपडं असेल तर जीपडी. जीप्स नको.