वेगवेगळ्या स्रोतांतली समुद्री प्राण्यांची लांबी एकाच रकान्यात टाकली तर चालेल का?

नाही चालणार, आकड्याशेजारी तो कसा मोजला याचा वेगळा रकाना ठेवाच. नुसत्या माशाची लांबी तीन तऱ्हांनी मोजतात: तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत, शेपटीच्या खाचेपर्यंत किंवा शेपटीचा पर सुरू होतो तिथपर्यंत. फिशबेस या माशांच्या ऑनलाइन माहितीकोशात आकड्यापुढे याच क्रमाने टीएल, एफएल, एसएल असं लिहिलेलं असतं, पण उतरवून घेताना नेमकं तेच गळतं. खेकड्याच्या कवचाची रुंदी मोजतात, जेलीफिशच्या छत्रीचा व्यास. कासवाचं कवच टेपने वळणावरून मोजलं की कॅलिपरने सरळ, यानेही फरक पडतो. सगळ्यात मोठा घोळ जायंट स्क्विडचा. त्याचं धड, म्हणजे मँटल, जेमतेम सव्वादोन मीटरपर्यंत. लांब भुजा धरल्या तर तोच प्राणी 12 मीटरच्या आसपास जातो. त्यात मेल्यावर या भुजा रबरासारख्या ताणल्या जातात, जुने अवाढव्य आकडे बहुधा त्यातूनच आले. वेगवेगळ्या गटांची तुलना करायची असेल तर लांबीवरून वजन काढा, पण सूत्रातले गुणांक त्याच पद्धतीच्या लांबीसाठीचे हवेत. वजन साधारण लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं, त्यामुळे लांबीत 10 टक्के जास्त धरले की वजन 33 टक्क्यांनी फुगतं. मात्र कोळंबीपासून देवमाशापर्यंतचा पल्ला लॉग स्केलवर (जिथे प्रत्येक पायरी आधीच्या दसपट असते) दाखवायचा असेल, तर खाच की टोक याने फारसं बिघडत नाही. कमाल आणि सरासरी आकडे मात्र तिथेही मिसळू नका.