गेम सुरू करताच संगणक बंद पडतो : नवे कार्ड परत करण्याआधी एसएमपीएस तपासा

तुमच्या वर्णनातील महत्त्वाच्या गोष्टी अशा : जुने ग्राफिक्स कार्ड १२० वॅटचे होते, नवे २२० वॅटचे आहे आणि एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, मात्र तोच, ५५० वॅटचा, सात वर्षे वापरलेला आहे. डेस्कटॉप, ब्राउझर, व्हिडिओ सगळे नीट चालते, पण गेम सुरू केल्यावर काही मिनिटांतच संगणक बंद पडतो. ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) दोनदा नव्याने टाकूनही फरक पडला नाही, म्हणून आता विंडोज नव्याने टाकावे की कार्ड परत करावे, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते यांपैकी काहीच तूर्त करू नये.

आधी ‘बंद पडतो’ म्हणजे नेमके काय होते, ते बारकाईने पाहा. ड्रायव्हर कोसळला, तर पडदा क्षणभर काळा होतो, गेम बंद होतो आणि डेस्कटॉप पुन्हा दिसू लागतो. कारण कार्डाकडून २ सेकंदांत प्रतिसाद आला नाही, तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घटना-नोंदवहीत, ४१०१ क्रमांकाची नोंद ठेवते. याउलट पंखे, दिवे सगळे एकाच क्षणी विझत असतील आणि एसएमपीएसच्या मागचे बटण बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय संगणक सुरूच होत नसेल, तर एसएमपीएसने स्वसंरक्षणासाठी स्वतःच पुरवठा तोडला आहे, असे बहुतांशी खात्रीने म्हणता येते. आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर विंडोजचा बिघाड सांगणारा निळा पडदा येऊन नजरेतून सुटत असण्याची शक्यता उरते. त्यासाठी विंडोजच्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मधील आपोआप रीस्टार्ट होण्याचा पर्याय काढून टाका, म्हणजे तो पडदा वाचता येईल. तुम्हाला सापडलेली ‘कर्नेल-पॉवर ४१’ ही नोंद मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढेच सांगते. नावात ‘पॉवर’ आहे म्हणून तिला एसएमपीएसविरुद्धचा पुरावा मानण्याची चूक सर्रास होते.

५५० वॅट पुरेसे नाहीत का, तर कागदावर ते पुरतात. पण २२० वॅट ही सरासरी मर्यादा असते. गेममधील दृश्य बदलताना कार्ड काही मायक्रोसेकंद ते मिलिसेकंदांसाठी तिच्या बरेच वर उसळी घेते, आणि जुन्या एसएमपीएसची संरक्षक यंत्रणा त्या उसळीला बिघाड समजते. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या एसएमपीएससाठीच्या मानकात १०० मायक्रोसेकंदांसाठी निर्धारित क्षमतेच्या २०० टक्क्यांपर्यंतची उसळी पेलण्याची अपेक्षा घातली गेली, ती याच कारणाने. शिवाय वयानुसार आतील कपॅसिटर क्षीण होतात, हे वेगळेच. फरमार्कसारखी, कार्डावर सतत भार देणारी चाचणी तासभर टिकते आणि गेम मात्र पाच मिनिटांत बंद पडतो, हे विचित्र वाटले तरी विसंगत नाही. त्या चाचणीचा भार जड असला तरी संथ असतो, गेमचा भार हिसके देणारा असतो.

यावर बिनखर्चाचा प्रयोग असा. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट (कार्डाची वीजमर्यादा) ७० टक्क्यांवर आणा, गेममधील फ्रेमची मर्यादा ६० ठेवा आणि नेहमी बंद पडणारा तोच गेम खेळा. तो आता सुरळीत चालला, तर संशय जवळजवळ पूर्णपणे वीजपुरवठ्यावर येतो. तरीही बंद पडलाच, तर मात्र एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण क्षणिक उसळ्या यामुळे कमी होतात, नाहीशा होत नाहीत. जुने कार्ड परत बसवून ‘आता सगळे ठीक आहे, म्हणजे नवे कार्डच सदोष’ असा निष्कर्षही काढू नका. त्या प्रयोगात भार १०० वॅटने कमी झालेला असतो. नवे कार्ड भरपूर क्षमतेच्या दुसऱ्या संगणकात लावून पाहणे हीच त्याची खरी परीक्षा.

दरम्यान संगणक बंद करून, भिंतीवरची वायर काढून, जोडण्या पाहा. मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, ८ पिनांचा कनेक्टर १५० वॅटचा धरला जातो. तुमच्या कार्डावर असे दोन कनेक्टर आहेत आणि दोन्ही एकाच केबलच्या दोन टोकांना जोडले आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. त्याऐवजी एसएमपीएसकडून येणाऱ्या दोन स्वतंत्र केबल वापरा. काही वेळा एवढ्यानेच प्रश्न सुटतो. कार्ड बसवताना हात लागून रॅम हलली असू शकते, तीही एकदा दाबून बसवा.

कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड प्रोग्रॅममध्ये पीसीआय एक्सप्रेसचा, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डमधील जोडणीचा, वेग १.१ दिसतो, ही तुमची शंका निराधार आहे. कार्डाला काम नसताना वीज वाचवण्यासाठी वेग उतरतो. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून भार दिलात की तो वर गेलेला दिसेल.

एसएमपीएस बदलावाच लागला, तर नुसता वॅटचा आकडा पाहू नका, एटीएक्स ३.० किंवा त्यापुढचे मानक पाळणारा घ्या. आणि जुना एसएमपीएस मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) असेल, तर त्याच्या केबल आतच राहू देऊन फक्त डबा बदलण्याचा मोह कटाक्षाने टाळा : एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना प्रमाणित नसते, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ती वेगळी असू शकते, आणि कनेक्टर अगदी चपखल बसूनही ड्राइव्ह किंवा मदरबोर्ड पहिल्याच क्षणी जळू शकतो.