भूजलावर संशोधन करून करिअर होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.एस्सी. भूशास्त्राचं शेवटचं वर्ष चालू आहे, पुढे एम.एस्सी. करून भूजलावर पीएच.डी. करायची इच्छा आहे, पण घरचे म्हणतात, विहिरी बघत फिरायला एवढं शिकायचं कशाला, सरळ स्पर्धा परीक्षा दे.

करिअर होतं. बंगला होईलच असं नाही. आणि विहिरी बघत फिरावं लागतं, हे घरच्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. माझी एम.एस्सी. पुण्यात झाली, पीएच.डी. बेसॉल्टमधल्या (म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या पाषाणातल्या) भूजलावर, नंतर काही वर्षं प्रकल्पांवर काढली आणि आता शिकवतो. त्यामुळे पुढचं सगळं आपल्या काळ्या पाषाणातून बघितलेलं आहे. गंगेच्या खोऱ्यातला माणूस वेगळं सांगेल.

नोकऱ्यांचं आधी उरकून टाकू. केंद्रीय भूजल मंडळात जायचं तर यूपीएससीची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा असते, तिला पदव्युत्तर पदवी लागते, पीएच.डी. लागत नाही. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, 1972 पासूनची. तिथल्या जाहिरातीची वाट बघण्यात मात्र उमेदीची वर्षं घालवू नका. संशोधनाकडे वळायचं असेल तर सीएसआयआर-नेट किंवा गेट द्या. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर सध्या महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी 42,000. पुण्यात खोली करून राहणाऱ्याला पुरतात, घरी पाठवायला फारसे उरत नाहीत. पुढे रूडकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था, हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था (एनजीआरआय), आयआयटी, विद्यापीठं असे रस्ते आहेत. स्वयंसेवी क्षेत्रात पुण्याचं ॲक्वाडॅम 1998 पासून गावपातळीवर भूजलाचं काम करतंय, ते जरूर बघा. खासगी सल्लागारीत पैसा बरा मिळतो, पण उद्योगांच्या ना-हरकत प्रमाणपत्रांसाठी एकाच साच्याचे अहवाल लिहिण्यात डोकं गंजतं.

आता मुद्द्याचं. भूजलाचं जे गणित पुस्तकात शिकवतात ते बहुतेक वाळू-गाळाच्या प्रदेशात जन्मलं. विहीर उपसली की भूजलाची पातळी कशी उतरते याचं जे समीकरण थाइसने 1935 मध्ये दिलं त्यात जलधर (पाणी साठवणारा आणि वाहू देणारा खडकाचा थर) सगळीकडे सारखा, अमर्याद पसरलेला, आणि विहीर इतकी बारीक की तिच्यात साठलेलं पाणी हिशेबात धरायचीच गरज नाही, असं गृहीत आहे. आपल्याकडे यातलं एकही लागू नाही. महाराष्ट्राच्या 80 टक्क्यांहून अधिक भूभागावर बेसॉल्ट आहे, आणि तो लाव्ह्याच्या थरांवर थर असा. वर मुरूम, खाली कुठे भेगाळलेला पाषाण, कुठे मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा बेसॉल्ट), मधेच गेरूचा पट्टा, आणि एखादी डाइक, म्हणजे खडकाची उभी भिंत, आडवी आली की अलीकडे पाणी, पलीकडे ठणठणाट. या खडकातून निथळून निघणारं पाणी साधारण 1 ते 3 टक्के. म्हणजे एक हेक्टरखाली पातळी एक मीटर उतरली तर 10,000 घनमीटर खडक कोरडा पडतो, आणि त्यातून हाती लागतं फक्त 100 ते 300 घनमीटर पाणी. एवढा आकडा ज्याला कळला त्याला 'आमच्या भागात पाणी एकदम कसं आटलं' हा प्रश्न पडत नाही.

आणि आपली विहीर बारीक नसते. सहा मीटर व्यासाची विहीर धरा. पाणी एक मीटर उतरलं म्हणजे 28,000 लिटर, आणि पाच एचपीची मोटर तासाला साधारण तेवढंच उपसते. पहिला तासभर तुम्ही जलधराची चाचणी घेताय असं वाटतं, प्रत्यक्षात हौद रिकामा होत असतो. 1967 मध्ये पापाडोपुलोस आणि कूपर यांनी मोठ्या व्यासाच्या विहिरीसाठी वेगळी मांडणी केली ती याचसाठी. पण खरी माहिती मोटर बंद झाल्यावर मिळते. पाणी चढायला लागतं तेव्हा टेपला खडू फासून तो खाली सोडायचा, ओली रेघ कुठे आली ते बघायचं, आधी मिनिटाला, मग पाच मिनिटांनी, मग दहा. तासाभरात 30 सेंटिमीटर पाणी चढलं तर त्या विहिरीचा पाझर तेवढ्या वेळात साडेआठ हजार लिटरच्या आसपास आहे. शेतीची लाईट रात्रीची असेल तर चाचणीही रात्रीच होते, हे कुठल्याच अभ्यासक्रमात लिहिलेलं नसतं.

अभ्यासक्रमात नसलेली दुसरी गोष्ट: विहिरीवर पोचल्यावर पहिला प्रश्न 'या विहिरीत बोअरचं पाणी सोडता का?' आणि दुसरा 'आडवं बोअर मारलंय का, किती फूट, कुठल्या दिशेला?' बोअरचं पाणी विहिरीत सोडून मग पुढे उचलणारे शेतकरी हजारोंनी आहेत. त्या विहिरीची पातळी ही उथळ जलधराची पातळी नव्हे. हे न विचारता काढलेले समपातळीचे रंगीत नकाशे मी परीक्षक म्हणून बरेच वाचलेत.

म्हणून माझं ठाम मत: पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मॉडफ्लो, म्हणजे भूजलाच्या प्रवाहाचं संगणकावर प्रारूप करणारं सॉफ्टवेअर, उघडू नका. ते अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने फुकट उपलब्ध केलेलं आहे, चांगलं आहे, आठ-पंधरा दिवसांत चालवायला जमतं. तिथेच धोका आहे, कारण आत काहीही भरलं तरी ते सुबक नकाशा काढून देतं. आधी 10-15 चौरस किलोमीटरचा एक पाणलोट धरा, त्यातल्या विहिरी, झरे, बंधारे पायाखाली घाला, विहिरीच्या कडेने खडकाचे थर उतरवून घ्या. तीन पावसाळे मोजा. त्यात एखादं अवर्षणाचं वर्ष सापडलं तर शेतकऱ्याचं नुकसान आणि तुमच्या प्रबंधाचा फायदा, असा हा विचित्र धंदा आहे.

उपग्रहाचंही तसंच. ग्रेस या गुरुत्वाकर्षणातले बदल टिपणाऱ्या जुळ्या उपग्रहांच्या मोजणीवरून 2009 मध्ये 'नेचर'मध्ये वायव्य भारतातली भूजलाची घट दाखवली गेली, काम जबरदस्त होतं. पण ती मोजणी लाखो चौरस किलोमीटरच्या हिशेबात बोलते. आख्खा महाराष्ट्र 3.08 लाख चौरस किलोमीटर आहे. त्यातून सिन्नर तालुक्याचं भूजल काढायला निघालेले प्रस्ताव बघितले की हसावं की रडावं कळत नाही.

विषय शोधायला लांब जायची गरज नाही. विदर्भातल्या पूर्णेच्या गाळातला खारपाणपट्टा, यवतमाळ-चंद्रपूरचं फ्लोराइड, यावल-रावेरची केळी आणि तिथला खोल जाणारा उपसा, बोअरच्या पाण्याने भरली जाणारी शेततळी. राज्याचा 2009 चा भूजल अधिनियम गावात कसा पोचला किंवा पोचला नाही, हाही संशोधनाचा विषय आहे, फक्त त्यासाठी समाजशास्त्राचा सहमार्गदर्शक घ्या. देवळणकरांचा दख्खन बेसॉल्टच्या जलधारकतेवरचा 1980 चा निबंध अवघ्या काही पानांचा आहे, तो एम.एस्सी.च्या आधीच वाचून ठेवा.

पाणाड्याबद्दल, म्हणजे नारळ-काठी घेऊन पाण्याची जागा सांगणाऱ्याबद्दल, वाद घालू नका. शेतकरी त्यालाही बोलावतो, तुम्हालाही पाणी शोधायचं मशीन लावायला बोलावतो, आणि दोघांच्या खुणा एकाच जागी आल्या की मगच बोअर मारतो. गावातल्या फेल गेलेल्या बोअरांची सगळ्यात जास्त माहिती मात्र त्याच्याचकडे असते, आणि चहा घेता घेता ती मिळते.

परदेशाचं: युरोपात डेल्फ्ट, लिस्बन आणि ड्रेस्डेन मिळून भूजल आणि जागतिक बदल यावर संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवतात, शिष्यवृत्तीही असते. जमलं तर जा. मार्गदर्शक निवडताना, इथे असो वा तिथे, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना एवढंच विचारा की सर किंवा मॅडम शेवटचे फील्डवर कधी आले होते.

तोपर्यंत या मे अखेरीस गावातल्या पाच-सहा विहिरींची पातळी घ्या, पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात पुन्हा घ्या. राज्याच्या भूजल यंत्रणेची निरीक्षण विहीर जवळपास असेल तर तिचे आकडे शेजारी मांडून बघा. प्रत्येक नोंदीपुढे मोटर किती वाजता बंद झाली ते लिहा, आणि टेप कठड्याच्या नेमक्या कुठल्या दगडावरून सोडला त्यावर रंगाची खूण करून ठेवा.